लिंबूटिंबूशी खेळताना मन का ढासळते?



एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक जयंतीची वर्गणी आणि दुसरी कॅरमची स्पर्धा. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत ड्रमवर कॅरम मांडला जातो, वायरीने खाली सोडलेला बल्ब बरोबर मधोमध लटकतो, बोरिक पावडरचा डबा फिरतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत टकटक चालू राहते. कॅरम हा वस्त्यांचाच खेळ आहे. त्याला मैदान लागत नाही, बूट लागत नाहीत, पावसात तो बंद पडत नाही. चेन्नईच्या रिक्षाचालकाची मुलगी काझिमा हिने २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके मिळवली. आपल्या मुंबईचा प्रशांत मोरे जगज्जेता झाला. तेव्हा कोणी 'रिकामटेकड्यांचा खेळ' म्हणाले तर मनावर घेऊ नका.

या पानावर आपण मधुमेहावर बोललो, रक्त कमी असण्यावर बोललो, तंबाखूवर तर कितीदा बोललो. आज कॅरमवर बोलायचे आहे, म्हणजे खरे तर मनावर. कारण गेल्या वर्षीच्या स्पर्धेनंतर आमच्याकडे जी तक्रार आली, ती आरोग्याचीच होती. एक ताई आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांना तीन रात्री झोप नाही. गोळी सांगा." ताप नाही, दुखणे नाही. विचारता विचारता कळले की गृहस्थ कॅरमची मॅच हरले होते. तीही पहिल्या फेरीत, नववीतल्या एका मुलाकडून.

ते गृहस्थ वस्तीतले नंबर एकचे खेळाडू. वय पस्तिशीचे, रंगकाम करतात. रंगाच्या ब्रशमुळे असेल, मनगट असे हलके की राणी कुठेही बसलेली असो, ती त्यांचीच. लागोपाठ चार वर्षे जयंतीची ढाल त्यांच्या घरी. लहानथोर सगळे त्यांना दादा म्हणतात, आम्हीही इथे दादाच म्हणू. आणि तो मुलगा? स्पर्धेत नाव घालायला एक जोडी कमी पडत होती म्हणून कोणीतरी त्याचे नाव लिहिले. पोरे त्याला लिंबूटिंबू म्हणत होती.

त्या रात्री आम्ही तिथेच होतो. एकच गेम, २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बोर्ड म्हणजे एक डाव. आपल्या नऊ सोंगट्या आधी संपवल्या की समोरच्याच्या जितक्या उरल्या तितके गुण आपल्याला, आणि राणी घेऊन कव्हर केली असेल तर वरचे तीन. तीन बोर्ड झाले तेव्हा दादा २० आणि पोरगा २. लोक उठून चहाला जाऊ लागले. दादाने मागे वळून कोणालातरी डोळा मारला. मग सरळ भोकाच्या तोंडाशी बसलेली सोंगटी सोडून त्यांनी दोन कडांना आपटून मारायचा फटका घेतला. पोरे मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. फटका चुकला, सगळे हसले, दादाही हसले.

चौथ्या बोर्डला पोराने राणी घेतली आणि दादाच्या पाच सोंगट्या उरल्या. २०-१०. पाचव्याला सहा उरल्या. २०-१६. आता चहाला गेलेले लोक परत आले. सहावा बोर्ड दादाने कसाबसा जिंकला, दोन गुण, २२-१६. आणि इथेच कॅरमचा एक नियम आडवा आला. २२ गुण झाले की मग राणीचे तीन गुण मिळत नाहीत. पोराला मात्र मिळत होते. सातव्या बोर्डला त्याने पाच अधिक तीन असे आठ घेतले. २२-२४. शेवटच्या बोर्डला दादाची एकच सोंगटी राहिली होती, त्यांच्याच रेषेच्या मागे, अगदी पोटाशी येऊन बसलेली. हात थरथरताना आम्हाला स्पष्ट दिसला. स्ट्रायकर सोंगटीला न शिवताच गेला. पोराने आपली शेवटची सोंगटी सावकाश आत ढकलली. २५-२२.

दादाने हात मिळवला नाही. कॅरमवर मूठ आपटली, उरलेली सोंगटी उडाली, आणि पोराला एक शब्द बोलले जो इथे छापता येणार नाही.

नंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. सुरुवातीला बोलायला तयार नव्हते. पावडर ओली होती, बल्ब हलत होता, असे काहीबाही सांगत राहिले. मग दुसरा चहा झाल्यावर जे बोलले ते आम्ही त्यांच्या परवानगीने इथे देत आहोत.

"पहिले तीन बोर्ड मी खेळलो. त्याच्यानंतर मी त्या पोराशी खेळतच नव्हतो. बघणाऱ्यांसाठी मारत होतो. त्याचे सोळा झाले तेव्हा पोटात गोळा आला. पोराची भीती नाही वाटली हो. उद्या नाक्यावर काय बोलतील त्याची वाटली. जिंकलो असतो तर कोण काय म्हणणार होतं? लिंबूटिंबूला हरवलं, त्यात काय! आणि हरलो तर वस्तीभर. म्हणजे मला मिळायचं काहीच नव्हतं, जायचंच होतं सगळं."

आम्ही हे दोनदा लिहून घेतले. मानसशास्त्राच्या पुस्तकात याहून सोपे करून कोणी सांगितलेले आम्हाला आठवत नाही. बलवान माणसाशी खेळताना आपल्याकडे गमावण्यासारखे थोडे आणि मिळवण्यासारखे खूप असते. कच्च्या माणसाशी खेळताना हिशेब उलटा होतो. म्हणून ज्याला आपण 'सोपी मॅच' म्हणतो ती मनाला सोपी नसते.

हे आपल्या वस्तीतच घडते असे नाही. कॅरमचा लांबचा भाऊ म्हणजे काठीने चेंडू मारून टेबलाच्या भोकांत घालायचा खेळ, पूल आणि स्नूकर. २०१९ साली इंग्लंडमध्ये शेफिल्डला स्नूकरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. पाच वेळा ती जिंकलेला आणि त्यावेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेला रॉनी ओ'सलिव्हन पहिल्याच फेरीत १०-८ असा हरला. कोणाकडून? जेम्स केहिल नावाच्या हौशी खेळाडूकडून. त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीपर्यंत पोचलेला तो पहिलाच हौशी खेळाडू होता. आणि १९८३ ची २५ जून आपल्या आजोबांना विचारा. लॉर्ड्सवर भारताच्या १८३ धावा बघून वेस्ट इंडीजला विश्वचषक आपल्याच खिशात आहे असे वाटले नसेल तरच नवल. ते १४० मध्ये संपले.

मग नेमके काय होते? पहिली गोष्ट, मनाची तार सैल पडते. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे. श्रीमंताघरचा मुलगा, घरी असताना वीणा वाजवणारा. राजगृहाजवळ साधना करताना चालून चालून पायांतून रक्त आले तरी काही हाती लागेना, तेव्हा परत घरी जावे असे त्याच्या मनात आले. बुद्धांनी त्याला वीणेचेच विचारले. तार फार ताणलेली असेल तर वाजते का? नाही. फार सैल असेल तर? तेव्हाही नाही. प्रयत्नांचेही तसेच, असे त्याला समजावले. ही गोष्ट सांगताना बहुतेक वेळा आपण ताणलेल्या तारेवरच बोलतो. सैल तारेचे नाव कोणी काढत नाही. अडीच हजार वर्षांनी, १९०८ साली, अमेरिकेत यर्क्स आणि डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले आणि कठीण काम शिकताना फार कमी चेतना चालत नाही आणि फार जास्तही चालत नाही, असे मांडले. मानसशास्त्राचे विद्यार्थी आजही ते शिकतात.

दादाच्या बाबतीत गंमत अशी झाली की त्यांची तार एकाच रात्रीत दोन्हीकडे गेली. २०-२ ला पार सैल. २०-१६ ला एकदम पिळून ताणलेली. मधली जागा त्यांना सापडलीच नाही. सैल मन एकदम जागे केले की ते नीट जागे होत नाही, दचकून उठते. आणि दचकलेल्या मनाने माणूस हाताकडे लक्ष द्यायला लागतो. बोट कसे ठेवले, मनगट कुठे आहे, जोर किती. जे काम हात वर्षानुवर्षे आपोआप करत होता, त्यात मन लुडबुड करू लागते. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून बघा, पाय अडखळतोच.

दुसरी गोष्ट बघ्यांची. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठात पूलच्या टेबलांवर एक छोटा प्रयोग झाला होता, १९८२ साली तो प्रसिद्ध झाला. आधी लांबून, खेळणाऱ्यांना न कळता, कोणाचे किती फटके बरोबर जातात ते मोजले. मग चार जण मुद्दाम टेबलाजवळ येऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे बरोबर फटके शंभरात ७१ होते ते ८० झाले. कच्च्या खेळाडूंचे ३६ होते ते २५ वर आले. म्हणजे लोक बघत असले की ज्याला येते त्याचे अधिक चांगले होते, ज्याला येत नाही त्याचे बिघडते. प्रयोग लहान होता, त्याला ब्रह्मवाक्य करू नका. पण मग दादाचे का बिघडले? आमचे मत असे की जोवर लोक खेळ बघत होते तोवर त्यांचे बळ वाढतच होते. तीन बोर्डांत वीस गुण काही असेच नाही झाले. पण नंतर लोक त्यांची फजिती होते का ते बघू लागले. आणि तो मुलगा? त्याला आम्ही विचारले. तो म्हणाला, "मला पहिल्या फेरीतच घरी जायचं होतं, म्हणून टेन्शन नव्हतं. दादा काय करतायत ते मी बघतच नव्हतो, नुसता कॅरम बघत होतो."

आता एक खेळातली बारीक गोष्ट, जी कॅरमवाल्यांना पटेल. कच्चा खेळाडू समोर असला की डाव खरोखरच अवघड होतो, नुसता मनाने नव्हे. त्याच्या सोंगट्या आत जात नाहीत, म्हणजे त्या सगळ्या तिथेच राहतात. भोकांच्या तोंडाशी, आपल्या वाटेत, मधल्या गर्दीत. आपल्या सहा गेल्या, तीन राहिल्या, पण त्याच्या आठ अजून पसरलेल्या. शेवटच्या तीन सोंगट्यांना रस्ताच मिळत नाही. पूलमध्येही हेच होते. कच्च्या खेळाडूचे चेंडू टेबलावरच राहतात आणि आपली वाट अडवतात. शिवाय त्याचा नेम कुठे होता आणि सोंगटी कुठे गेली याचा मेळ नसल्याने पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही. तो एका फटक्याला दोन मिनिटे घेतो, तोवर आपला हात थंड पडतो. चांगला खेळाडू समोर असला की तो स्वतःच्या सोंगट्या भराभर उचलतो, कॅरम मोकळा होतो आणि आपल्यालाही लय मिळते. तेव्हा "समोर कोणी नव्हतंच, तरी हरलो" हे म्हणणे बरोबर नाही. समोर त्याच्या आठ सोंगट्या होत्या.

आणि तिसरी गोष्ट, जी आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे मान. मान म्हणजे इथे सन्मान नव्हे. धम्मात 'मान' हा मनाचा मळ मानला आहे, आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. मी याच्यापेक्षा श्रेष्ठ आहे हा एक. मी याच्या बरोबरीचा आहे हा दुसरा. आणि मी याच्यापेक्षा हीन आहे हा तिसरा. तिन्ही मानच. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला चमत्कारिक वाटले होते. स्वतःला हीन समजणे हा अहंकार कसा? पण दादाची रात्र बघा. साडेनऊला ते श्रेष्ठ होते, साडेदहाला हीन. माणूस तोच, मोजपट्टी तीच, फक्त टोक बदलले. जो दुसऱ्याला त्या पट्टीने मोजतो त्याला तीच पट्टी कधीतरी स्वतःला लावावी लागते.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ते याचसाठी की तिच्यात वरून तुडवला जाणारासुद्धा आपल्या खाली कोणी आहे का ते शोधत राहतो आणि त्यातच समाधान मानतो. ज्यांच्या पिढ्या त्या उतरंडीखाली गेल्या त्या आपल्या वस्तीत एका पोराला सगळे मिळून लिंबूटिंबू म्हणतात, आणि त्यात काही वावगे कोणाला वाटत नाही. आम्हालाही त्या रात्री वाटले नव्हते, हे कबूल करतो. आम्हीही हसलो होतो.

दादाच्या घरी आम्ही निघताना त्या ताई जे म्हणाल्या ते ऐकून मात्र हसू आले नाही. "मॅच हरले ते हरले. पण तीन दिवस पोरगी यांच्यासमोर गणिताचं पुस्तक घेऊन बसायला घाबरत होती." दादा रोज संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतात. चौथीतली आहे, भागाकार तिला जमत नाही. त्या आठवड्यात त्यांनी तिची वही फेकली होती. आम्ही म्हणालो, दादा, ही पण तीच मॅच आहे. समोरचा आपल्यापेक्षा कच्चा, आपल्याला सगळे येते, तो एका उदाहरणाला दहा मिनिटे घेतो, आणि आपला हात थंड पडत चाललाय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता उपाय. उपाय म्हटले की गोळीच हवी असते, पण इथे गोळी नाही.

स्ट्रायकर ठेवल्यावर लगेच मारू नका. आधी एक श्वास पूर्ण बाहेर सोडा, तो जाताना जाणवू द्या. मग कोणती सोंगटी, कोणते भोक ते ठरवा, आणि मग बोट मागे घ्या. २०-२ असो की २०-१६, हे दर वेळी. विशेषतः २०-२ असताना. विहारात आनापानसतीला बसता तेव्हा वेगळे काय करता? श्वासाकडे परत येता, इतकेच. रोज दहा मिनिटे बसणाऱ्याला मॅचमध्ये तो श्वास सापडतो, न बसणाऱ्याला त्या वेळी शोधून सापडत नाही. आम्ही दादाला हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, रंग देताना कोपरा आला की मी श्वास रोखतोच की. म्हणजे विद्या त्यांच्याकडे होती, कॅरमवर आणली नव्हती.

गुण मोजू नका, ते पंच मोजतो. तुम्ही आपल्या चुका मोजा. हातची सोंगटी किती वेळा सोडली, किती फाउल झाले, दिखाव्याचे फटके किती मारले. समोरचा कितीही कच्चा असू द्या, चुका शून्यावर आणायच्या ही मॅच तुमची तुमच्याशी चालू राहते आणि तार सैल पडत नाही. कॅरममध्ये एक सोय आहे जी कबड्डीत नाही. तुमची पाळी असताना समोरचा तुम्हाला हातही लावू शकत नाही. त्या वेळी फक्त तुम्ही आणि कॅरम. कच्चा-पक्का हा हिशेब त्या फटक्यात कुठे येतच नाही.

घरात किंवा गल्लीत रोजचे खेळत असाल तर उघडपणे गुण देऊन खेळा. "तू आठापासून सुरू कर, मी शून्यापासून." याने डाव दोघांनाही खरा होतो. मात्र मुद्दाम हरू नका. लहान मुलांना ते लगेच कळते आणि त्यांना ते अपमानाचे वाटते. उघड दिलेल्या सवलतीत अपमान नाही, चोरून दिलेल्या जिंकण्यात आहे. पूल खेळणाऱ्यांमध्ये अशी सवलत देण्याची पद्धत जुनी आहे, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पैजा बंद करा. दादाच्या दोन मित्रांनी त्यांच्यावर पाचशे-पाचशे रुपये लावले होते, हे आम्हाला नंतर कळले. झोप न येण्याचे अर्धे कारण तिथेच होते. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला धन नासवणाऱ्या सहा वाटा सांगितल्या, त्यांत जुगार आहे. 'गंमत म्हणून' लावलेल्या पाचशे रुपयांतसुद्धा माणसाचे मन गुंततेच. आणि ज्याच्यावर लावले त्याला कोणी विचारलेलेही नसते.

त्या दिवशी दादा सकाळी आठ ते संध्याकाळी सात काम करून, जेवण न करता, दोन चहावर खेळायला बसले होते. रिकाम्या पोटी हात थरथरायला मानसशास्त्र लागत नाही. भाकरी खाऊन बसा. हरलात तर हात मिळवा, तोंड धुवा, दहा मिनिटे विहाराच्या पायरीवर बसा आणि मगच घरी जा. वाटेत कोणी 'चल, गम विसरू' म्हणून बाटलीकडे नेत असेल तर पाचवे शील आठवा. दारूने डोळा लागतो खरा, पण झोप तुटक होते आणि दुसऱ्या दिवशी राग दुप्पट असतो.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. हरल्यावर दोन-चार दिवस वाईट वाटणे हा आजार नाही. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नको, कामावर जावेसे वाटत नाही, लोकांना तोंड दाखवू नये असे वाटते, घरात सतत हात उगारला जातो, किंवा जगूनच काय उपयोग असे शब्द तोंडून येतात, तर ते नुसते कॅरमचे दुखणे राहिलेले नाही. मॅच निमित्त असते, आत बेकारी, कर्ज, जुने अपमान साठलेले असतात. अशा वेळी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे. १४४१६ हा नंबर फिरवा, दिवस असो की रात्र. मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. बीपीची गोळी घेणाऱ्याला आपण काय म्हणतो? काही म्हणत नाही. जगण्याचा कंटाळा आल्याचे कोणी बोलून दाखवले तर दोन आठवडे थांबायचे नाही, त्याच दिवशी फोन करायचा आणि त्या माणसाला एकटे सोडायचे नाही.

दादाला तितके जावे लागले नाही. पाचव्या रात्री झोप लागली. त्याआधी ते त्या मुलाच्या घरी गेले होते. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक, आम्ही विचारले नाही. मुलाच्या आईने एवढेच सांगितले की दादा आले, उभ्या उभ्या बोलले, चहा घेतला नाही, पण जाताना पोराच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

तो मुलगा दुसऱ्या फेरीत २५-४ असा हरला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे शिकवणीला गेला, हेही सांगितले पाहिजे. ढाल तिसऱ्याच कोणाकडे गेली.

यंदाच्या स्पर्धेसाठी मंडळाने ठरवले आहे की पैज लावताना कोणी दिसला तर त्याला तिथून उठवायचे, मॅच चालू असताना व्हिडिओ काढायचा नाही, आणि नावांच्या यादीत कोणापुढेही टोपणनाव लिहायचे नाही. शेवटच्या ठरावावर थोडी कुरबूर झाली, पण तो मंजूर झाला. मुलींची वेगळी फेरी ठेवावी की सगळ्यांची एकत्र, यावर चर्चा अजून चालू आहे. आमचे मत एकत्रच्या बाजूने आहे.

दर रविवारी वंदनेनंतर दादा आणि तो मुलगा विहाराच्या ओसरीवर खेळायला बसतात. दादाची मुलगी पंच असते, गुण तीच पाटीवर लिहिते. मुलाला आठ गुणांची सवलत. आतापर्यंत सात गेम झाले, पाच दादांनी जिंकले, दोन त्याने. पुढच्या रविवारपासून सवलत आठावरून सहावर आणायची की नाही, यावर दोघांचे एकमत होत नाही. मुलगा सहा म्हणतो, दादा आठ.